मोटारीची पुढली कांच



नागपूर शहराच्या दक्षिणेस वर्धा रस्ता सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले म्हणजे मनीषनगर ही वस्ती लागते. नागपूर ते सेवाग्राम या टप्प्यांत दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही लोहमार्गांच्या गाड्या एकाच वाटेनें धांवतात. त्यामुळें आमच्या वस्तीच्या तोंडाशीं असलेलें फाटक दिवसांतून किती वेळ बंद असे, हें तेथें ताटकळलेल्यांनींच सांगावें. नोव्हेंबर २०२० मध्यें वर्धा रस्त्यावरील दुमजली उड्डाणपूल आणि त्याला जोडलेला रुळांवरील पूल खुला झाला, आणि तें दुःख संपलें. पण पूल झाला तशी वस्ती बेसा-बेलतरोडीकडे पसरत गेली, घरांमागून घरें उठूं लागलीं आणि गिट्टी वाहणाऱ्या ट्रकांची रीघ लागली. अशाच एका ट्रकाच्या मागच्या फळीवरून सुटलेला खडा गेल्या मे महिन्यांत माझ्या मोटारीच्या पुढल्या कांचेवर येऊन आदळला.

सुपारीएवढा खडा आणि मसुरीएवढी खूण. आवाज मात्र बंदुकीच्या बारासारखा झाला. शेजारीं बसलेल्या माझ्या पत्नीनें दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. उतरून पाहिलें तों कांच जागच्या जागीं. आंतल्या बाजूनें बोट फिरविलें तर अगदीं गुळगुळीत. आम्ही हसलों आणि पुढें गेलों. आठ दिवस तसेच गेले. नवव्या दिवशीं भर दुपारीं मोटार उन्हांत उभी करून बाजार केला, परत येऊन आंत बसलों आणि गार वाऱ्याचा झोत सुरू केला. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असावा. त्या खुणेंतून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत, जराहि आवाज न करतां, वीतभर चालत गेली. तडा गेलेल्या वस्तु आपण नेहमींच पाहतों. पण तडा चालतांना पाहण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यांत पहिलाच.

बेसा रस्त्याला मोटारींच्या कांचा बसविणाऱ्या एका कारागिराचें दुकान आहे. त्यानें रेघेवरून नख फिरविलें आणि तो म्हणाला, “काकाजी, आठ दिवस आधी आले असते तर हे बुजवून देलं असतं. आता रेघ धावली. पुरी कांच बदलाले लागते.” माझ्या चिरंजिवांचें मत निराळें पडलें. “बाबा, रेघ डावीकडे आहे, तुमच्या नजरेसमोर थोडीच आहे? दिवाळीपर्यंत सहज चालेल.” पुढच्याच आठवड्यांत नातीला बरोबर घेऊन समृद्धि महामार्गानें आम्हांला मुंबईस जावयाचें होतें. कांच बदलावी कीं तशीच वापरावी, एवढाच व्यवहाराचा प्रश्न. परंतु त्या दुकानांत उभा असतांना मला माझ्या थोरल्या काकांची आठवण झाली, आणि मग तो प्रश्न मला तेवढा साधा वाटेना.

काका १९६९ सालीं अमरावतीहून नागपुरास अँबॅसडर गाडीनें येत होते. कोंढाळीच्या अलीकडे समोरून येणाऱ्या लॉरीच्या चाकाखालून असाच एक खडा उडाला. परंतु त्या कांचेवर मसुरीएवढी खूण उमटली नाहीं. सबंध कांच एका क्षणांत दुधासारखी पांढरी झाली. रस्ता दिसेना, झाड दिसेना, समोरची लॉरी दिसेना. त्या काळचे सगळे चालक करीत तेंच काकांनीं केलें: उजव्या हाताची मूठ वळून कांचेला भोंक पाडलें. गाडी थांबली, जीव वांचला. पण कांचेचे दाणे वाऱ्याबरोबर आंत आले आणि डावा डोळा कायमचा गेला. पुढें पुष्कळ वर्षें ते म्हणत असत, “कांच फुटली याचें मला दुःख नाहीं, ती सगळीच्या सगळी कां फुटली, तें मला कोणी सांगत नाहीं.”

काकांच्या या प्रश्नाचें उत्तर मीं फार उशिरा शोधलें. एका खड्यानें एक कांच मसुरीएवढी दुखावते, दुसरी एका क्षणांत आंधळी होते. आणि या दोन्हींच्या आधीं एक तिसरी कांच होती, जी फुटली म्हणजे सुरीसारखी अंगावर येई. आजचें भाषण या तीन कांचांविषयीं आहे.

मोटार जन्मली तेव्हां तिला पुढली कांच नव्हतीच. घोडागाडीला नव्हती, म्हणून हिलाहि नव्हती. चालक मोठे गोल चष्मे लावीत, बायका तोंडाला जाळीचा पडदा बांधीत, आणि धूळ खात सर्व मंडळी मुक्कामास पोंचत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वेग वाढला, तेव्हां वारा अडविण्यासाठीं समोर कांचेचें तावदान उभें करण्याची चाल पडली. तिचें इंग्रजी नांवहि वाऱ्याच्या ढालीचेंच आहे. पण ती कांच म्हणजे घराच्या खिडकीचीच कांच. वाऱ्यापुढें ती ढाल होती. अपघातांत मात्र तिच्या लांब, टोंकदार फाळक्या होत, आणि गाडी झाडावर आपटून जें झालें नसतें तें या फाळक्यांनीं होई. गाड्या हळू चालत म्हणून कित्येकजण वांचले, एवढेंच.

आपल्याकडे मोटार बोटीनें येई आणि तिची कांचहि तिच्याबरोबर बोटीनेंच येई. फुटली तर तिच्या जागीं बसविण्याजोगी सपाट कांच त्या वेळीं या देशांत होत नव्हती. कांचेचे कारखाने काढावे आणि चालवून दाखवावे, अशी ईर्षा मात्र मराठी मुलखांत तेव्हांच उत्पन्न झाली होती, आणि तिची हकीकत मोटारीपेक्षां कमी मनोरंजक नाहीं. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनीं दर माणशीं वर्षाला एक पैसा गोळा करून स्वदेशी धंदे उभारावे अशी कल्पना काढली. पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. लोकमान्य टिळकांनीं ती उचलून धरली, गांवोगांव वर्गणी जमली, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीं टिळकांना शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यांत आलें, हें आपणांस ठाऊकच आहे. तळेगांवच्या कारखान्याची सूत्रें ज्यांनीं हातीं घेतलीं ते ईश्वरदास वार्ष्णेय उत्तरेकडचे. जपानांत आणि पुढें अमेरिकेंत बोस्टनच्या बाजूस शिकून आलेला हा तरुण मराठी माणसांच्या पैशापैशानें उभारलेल्या भट्टीवर येऊन उभा राहिला. तेथें शिकलेलीं मुलें पुढें देशांतील कित्येक कारखान्यांत गेलीं. स्वतः वार्ष्णेय संयुक्त प्रांतांत परतले आणि बहजोई येथें त्यांनीं जो कारखाना उभारला, त्यानें खिडकीची सपाट कांच या देशांत करून दाखविली. माझ्या मतें पैसा फंडाचें हें फळ मुद्दाम सांगितलें पाहिजे. एरव्हीं त्याचें नांव काढलें म्हणजे आपण चिमण्या आणि बाटल्या यांच्यापुढें जात नाहीं.

पण चिमण्यांनाहि कमी लेखूं नये. तळेगांवनंतर आठ वर्षांनीं, १९१६ सालीं, ओगले बंधूंनीं औंध संस्थानच्या हद्दींत कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. त्याच्याभोंवतीं वसलेल्या गांवाला ओगलेवाडी हेंच नांव पडलें आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. कंदिलाची कांच ही देखील वाऱ्याची ढालच. फरक इतकाच कीं ती माणसाच्या तोंडाऐवजीं ज्योतीला सांभाळते. पावसाळ्याच्या रात्रीं तापलेल्या कंदिलावर पागोळीचा एक थेंब पडला कीं टच् असा आवाज होऊन कांचेला तडा जाई, हें माझ्या पिढीनें लहानपणीं पाहिलें आहे. माझी आजी नवी कांच आणली कीं ती थंड पाण्याच्या पातेल्यांत बुडवून पातेलें चुलीवर चढवी, पाणी हळूहळू उकळूं देई, आणि तसेंच निवूं देई. अशी कांच पुष्कळ दिवस टिकते असा तिचा अनुभव होता.

आजीला जें अनुभवानें ठाऊक होतें त्याचें कारण असें आहे. कांच उष्णता फार मंदपणें पसरूं देते. एक भाग तापून फुगतो, लगतचा भाग थंड राहून आंखडतो, आणि दोहोंमध्यें ओढाताण सुरू होते. दाबाला कांच पुष्कळ दाद देत नाहीं, ताणाला मात्र लवकर वश होते. १९२१ सालीं ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें फार्नबरो येथील विमानशाळेंत कांचेवर प्रयोग करून एक निबंध प्रसिद्ध केला. कांचेच्या कणांची परस्परांवरील पकड पाहतां ती वस्तुतः कितीतरी बळकट असावयास हवी, मग ती इतक्या थोड्या ताणानें कां तुटते, हा त्याचा प्रश्न. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि सगळा ताण चिरेच्या टोंकाशीं गोळा होतो, हें त्याचें उत्तर. चीर जितकी लांब तितकें तिला पुढें ढकलण्यास थोडें बळ पुरतें. आणि पुढें गेली कीं ती आणखी लांब होते. म्हणूनच मसुरीएवढी खूण आठ दिवस स्वस्थ बसली. गार वाऱ्याच्या झोतानें आंतली बाजू निवाली, बाहेरची तापलेलीच राहिली, आणि तेवढ्या निमित्तानें तडा चालूं लागला. बाहेरच्या हवेंतील ओलावाहि चिरेच्या टोंकाशीं शिरून कांचेचे बंध सैल करतो. म्हणजे मे महिन्याचा तडा मृगाच्या पावसांत आपोआप थांबेल अशी आशा करण्यास जागा नाहीं, उलटच भीति आहे.

आतां फुटली तरी न विखुरणारी कांच कशी निघाली तें पाहूं. १९०३ सालीं पॅरिसमध्यें एदुआर बेनेदिक्तुस नांवाचा एक गृहस्थ होता. चित्रकारहि आणि रसायनज्ञहि. त्याच्या प्रयोगशाळेंतील फळीवरून एक चंबू खालीं पडला. त्याला असंख्य तडे गेले, पण त्याचा आकार मोडला नाहीं, तुकडे सुटे झाले नाहींत. चौकशी करतां असें समजलें कीं त्यांत पूर्वीं कोलोडियन होतें. तें वाळून आंतल्या बाजूस त्याचा पातळ पापुद्रा धरला होता आणि त्या पापुद्र्यानें सगळे तुकडे जागच्या जागीं पकडून ठेविले होते. चंबूवर चिठ्ठी चिकटवून त्यानें तो बाजूला ठेवून दिला. पुढें मोटारींच्या अपघातांत कांचेनें जखमी झालेल्यांच्या बातम्या वाचतांना त्याला तो चंबू आठवला. अशी ही हकीकत आहे. शोधांच्या हकीकतींत असा एखादा चंबू नेहमींच पडतो, म्हणून मी ती थोडी सोडून घेतों. पण दोन कांचांमध्यें सेल्युलॉइडचा पापुद्रा दाबून बसविण्याची सनद त्यानें १९०९ सालीं घेतली, त्याबद्दल शंका नाहीं. इंग्लंडांत जॉन वुड या गृहस्थानें १९०५ सालींच अशी कल्पना मांडली होती, परंतु ती बाजारांत टिकली नाहीं. १९१२ सालीं ट्रिप्लेक्स या नांवाची कंपनी इंग्लंडांत निघाली. तीन थरांची कांच म्हणून तें नांव.

मोटारवाल्यांनीं प्रथम तिला फारसें जवळ केलें नाहीं, कारण ती महाग होती. तिचा उपयोग पहिल्या महायुद्धांत झाला. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना डोळ्यांसाठीं ज्या कांचा लावीत, त्या फुटून चालणार नव्हतें. शिपायांच्या डोळ्यांवरून ती कांच मग मोटारीवर आली. फोर्ड कंपनीनें १९२७ च्या अखेरीस काढलेल्या ‘मॉडेल ए’ या गाडीला ती पुढल्या बाजूस नेहमींचीच म्हणून बसविली, आणि तेव्हांपासून ती श्रीमंतांची राहिली नाहीं. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला.

या कांचेंत एक वैगुण्य मात्र होतें. सेल्युलॉइड उन्हानें पिवळें पडे, मग तपकिरी होई, आणि कडांकडून त्यांत बुडबुडे शिरत. विदर्भासारख्या मुलखांत, जेथें उन्हाळा चार महिने ठाण मांडून बसतो, तेथें अशी कांच किती काळ स्वच्छ राहिली असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९३० नंतरच्या दशकांत रसायनज्ञांनीं दुसरे पापुद्रे शोधले, आणि दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल हा पदार्थ हातीं आला. नांव जिभेला जड आहे. वस्तु मात्र रबरासारखी लवचिक, पाण्यासारखी पारदर्शक आणि कांचेला घट्ट धरणारी. आजहि मोटारींच्या पुढल्या कांचेंत तोच आहे. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन कांचा आणि मध्यें पाऊण मिलिमीटरचा हा पापुद्रा, अशी तिची रचना असते. माझ्या कांचेला आंतून हात फिरविला तेव्हां ती गुळगुळीत कां लागली तें यावरून ध्यानांत येईल: बाहेरची कांच दुखावली होती, आंतली शाबूत होती.

मग काकांची कांच कोणती? तिची गोष्ट याहून जुनी आहे. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत सोडला कीं शेपटीचा एक थेंब घट्ट होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाहीं. शेपटीचें टोंक मोडलें कीं मात्र त्याचें क्षणांत पीठ होतें. सतराव्या शतकांत प्रिन्स रूपर्टनें असे थेंब इंग्लंडांत आणले आणि १६६१ सालीं रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यांनीं कोड्यांत टाकलें. कारण असें कीं पाण्यांत पडतांना थेंबाचें बाहेरचें अंग आधीं गोठतें, आंतलें मागाहून निवून आंखडतें. त्यामुळें बाहेरच्या अंगावर दाब बसतो आणि पोटांत ताण कोंडून राहतो. दाबामुळें वरची चीर मिटून राहते, म्हणून वस्तु बळकट. पण चीर एकदां खोल गेली कीं कोंडलेला ताण एकदम सुटतो. १८७४ सालीं फ्रान्समधील द ला बास्ती यानें हीच युक्ति कांचेच्या तावदानांना लाविली. तापलेली कांच तो तेलांत बुडवून निववी. पुढें तेलाऐवजीं हवेचे झोत आले. ही कडक केलेली कांच साध्या कांचेच्या कितीतरी पट मार सोसते, आणि फुटली तर तिच्या फाळक्या न होतां बोथट दाणे होतात. शिवाय ती तीन थरांच्या कांचेहून स्वस्त. आपल्या रस्त्यांवरील पुष्कळ मोटारींना आणि लॉऱ्यांना वर्षानुवर्षें पुढल्या बाजूस ती असे. काका ज्या गाडींत होते तिलाहि तीच होती.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचें उत्तर असें: खडा त्या कांचेच्या पोटापर्यंत गेला, कोंडलेला ताण सुटला आणि ती एका जागीं फुटूंच शकत नव्हती. तिनें गळा कापला नाहीं हें तिचें पुण्य. पण धांवत्या गाडींत तिनें चालकाला आंधळें केलें हा तिचा दोष. बाजूच्या आणि मागच्या खिडक्यांना ती अगदीं योग्य आहे, आजहि तेथें तीच असते, कारण संकटांत ती फोडून बाहेर पडतां येतें. पुढल्या बाजूस मात्र तिचें काम नव्हतें. हें आपल्या कायद्यानें ओळखलें तें बऱ्याच उशिरा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमानें सुरक्षित कांच सक्तीची केली आणि १९९३ च्या दुरुस्तीनें पुढली कांच थरांचीच असावी, असें ठरवून त्यासाठीं मुदत घालून दिली. काकांच्या अपघाताला तोंवर चोवीस वर्षें झालीं होतीं. ती बातमी त्यांना वाचून दाखविली तेव्हां ते इतकेंच म्हणाले, “चला, कोणाला तरी कळलें.”

आतां माझ्या कारागिराच्या बोलण्याकडे वळूं. आठ दिवस आधीं ती खूण खरोखरच बुजवितां आली असती. ही विद्या १९७० नंतर अमेरिकेंत पुढें आली. खुणेवर एक लहानसें यंत्र चिकटवून आंतली हवा ओढून घेतात, मग पातळ राळ दाबानें आंत शिरवितात आणि अतिनील किरणांखालीं ती घट्ट करतात. राळ अशी निवडलेली असते कीं प्रकाश तिच्यांतून कांचेंतल्याइतकाच वळतो. म्हणून खूण जवळजवळ दिसेनाशी होते. याहून मोठें काम असें कीं चिरेचें टोंक भरून निघतें आणि ताण गोळा होण्याला जागा उरत नाहीं. परंतु खूण नाण्याएवढी किंवा त्याहून लहान असावी, कांठाजवळ नसावी, चालकाच्या नजरेपुढें नसावी, दोन्ही कांचांत गेलेली नसावी. आणि तिच्यांत धूळ-पाणी शिरण्याच्या आधीं हें सर्व व्हावें. मीं आठ दिवस धूळहि शिरूं दिली आणि एकदां मोटार धुतलीहि. तोंवर खडा लागलेल्या जागीं नुसती चिकटपट्टी लावून ठेविली असती तरी पुष्कळ काम झालें असतें, असें तो म्हणाला. हें मला कोणी आधीं सांगितलें नव्हतें, म्हणून आपल्याला सांगतों.

राहिला चिरंजिवांचा प्रश्न: रेघ डावीकडे आहे, मग बिघडलें कुठें? पूर्वींच्या गाड्यांत कांच रबराच्या पट्टींत बसवीत. पट्टीच्या खांचेंत दोरी घालून कांच बाहेरून टेकवीत आणि एकजण आंतून दोरी ओढी, तसतशी रबराची कड कांठावर चढत जाई. पाहण्यासारखें कसब होतें तें. त्या कांचेचा गाडीच्या सांगाड्याशीं फारसा संबंध नसे. आतांची कांच गाडीच्या चौकटीला पॉलियुरेथेनच्या डिंकानें चिकटविलेली असते. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यांत तिचा वांटा असतो. आणि डाव्या बाजूच्या बैठकीपुढें अपघाताच्या वेळीं जी हवेची पिशवी उघडते, ती या कांचेला टेकून माणसाकडे वळते. आमच्या गाडींत त्या डाव्या बैठकीवर माझी पत्नी बसणार आणि तिच्या मागें नात. समृद्धि महामार्गाची मर्यादा ताशीं १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. रेघ डावीकडे आहे हें मग मला समाधान वाटेना.

कांच बदलावयाची ठरली. कारागिरानें नव्या कांचेचा कोपरा मला दाखविला. तेथें भारतीय मानकाचा शिक्का आणि २५५३ हा आंकडा असतो. तो पाहून घ्यावा. त्यानें तारेनें जुना डिंक कापला, चौकट घांसून पुसली, नव्या डिंकाची वळी सर्व बाजूंनीं एकसारखी फिरविली आणि दोघांनीं मिळून कांच अलगद टेकविली. इतकें झाल्यावर मीं किल्ली मागितली, तर तो देईना. “डिंक धरू द्या काकाजी. संध्याकाळी न्या. अन् आज खिडकी थोडी उघडीच ठेवा, दरवाजा जोरात लावला तर आतली हवा कांचेले ढकलते.” घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला अशा रीतीनें थांबविणारा माणूस मला आवडला. डिंक वाळण्याच्या आधीं गाडी देऊन टाकणारीहि दुकानें असतात, आणि गिऱ्हाइकें त्यांच्यावर खूष असतात. ज्यांच्या गाडींत कांचेमागें रस्ता पाहणारें यंत्र बसविलेलें आहे, त्यांना तें नव्यानें जुळवूनहि घ्यावें लागतें. माझी गाडी जुनी, तिला तो त्रास नाहीं.

वेळ होता म्हणून मीं जुनी कांच मागून घेतली. ती जमिनीवर पोत्यावर ठेवून त्याच्याकडून हातोडीचे पांच-सहा घाव घालविले. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती सर्वभर तडकली, पण एक तुकडा सुटला नाहीं. दोन्ही हातांनीं उचलली तर ओल्या सतरंजीसारखी लोंबली. मीं तिच्यावरून तळहात फिरविला. खरखरीत लागली, कापली नाहीं. कारागीर म्हणाला, भंगारवाला ही घेत नाहीं. कांच आणि पापुद्रा वेगळा करण्याची खटपट त्याला परवडत नाहीं. त्याच्या दुकानामागें अशा पुष्कळ कांचा भिंतीला टेकवून ठेविल्या होत्या. माझी तेथेंच ठेविली.

संध्याकाळीं रुळांवरच्या पुलावरून घरीं परतलों. चिरंजीव दारांत उभे होते. त्यांनीं कांचेकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि खर्च किती आला तें विचारलें. मीं सांगितलें. काकांचें नांव मीं काढलें नाहीं; त्यांनींच काढलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां नातीला मागच्या बैठकीवर पट्ट्यानें बांधून आम्ही शिवमडक्याहून समृद्धि महामार्गाला लागलों.